‘प्लुस उल्त्रा’: स्पेनच्या ध्वजावरचे दोन शब्द आणि त्यांची बदलत गेलेली अक्षरं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. मुलीच्या शाळेत देशोदेशींच्या ध्वजांचं प्रदर्शन आहे. तुमच्याकडे स्पेन आला. रंगाऱ्याने चित्र समोर ठेवून ध्वज रंगवला आणि ध्वजावरच्या चिन्हातल्या दोन खांबांच्या लाल फितींवर पी-एल-व्ही-एस, व्ही-एल-टी-आर-ए अशी अक्षरं काढली. शाळेतल्या बाईंनी ‘स्पेलिंग चुकलंय, व्हीच्या जागी यू करा’ म्हणून ध्वज परत पाठवला. त्यातच तुमच्या भावाने स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्यात काढलेल्या फोटोत दुसरा शब्द ओ-व्ही-एल-टी-आर-ई असा दिसला. आणि शोधायला गेलात तर जिकडे तिकडे ‘नॉन प्लुस उल्त्रा’. यातलं खरं कोणतं?

रंगारी बरोबर आहे. त्याने काढलेली अक्षरं बदलू नका. बाईंचा यूसुद्धा चुकीचा नाही, फक्त तो आजच्या ध्वजावरच्या चित्रातला नाही. ग्रॅनडाचा ओ-व्ही-एल-टी-आर-ई तर या सगळ्यांत थोरला आहे. आणि ‘नॉन’ हा मात्र नंतर येऊन चिकटलेला पाहुणा आहे.

माझा संबंध या बोधवाक्याशी आला तो ध्वजांमुळे नाही, नाण्यांमुळे. तीस वर्षांहून जास्त काळ मी जुनी नाणी हाताळतो, वाचतो, इतरांना वाचायला शिकवतो. स्पॅनिश चांदीवर हे दोन शब्द इतक्या तऱ्हांनी लिहिलेले सापडतात की मन नकळत त्यांच्या मागे लागतं. पुढे लक्षात आलं, की ध्वजावर हे शब्द आले तेही एका नाण्यावरूनच. त्या गोष्टीकडे येतोच, पण आधी सुरुवातीला जाऊ.

साल १५१६. जानेवारीत स्पेनचा राजा फर्नांडो वारला आणि गादी आली त्याच्या नातवाकडे, चार्ल्सकडे. वय १६. जन्म गेंटचा, म्हणजे आजच्या बेल्जियममधला. वाढला बर्गंडी घराण्याच्या दरबारात, बोलायचा फ्रेंच. ज्या देशाचा तो राजा झाला त्या देशाची भाषा त्याला येत नव्हती आणि त्या देशात त्याने पाऊलही टाकलेलं नव्हतं. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये ‘गोल्डन फ्लीस’ या सरदारमंडळाची सभा भरली. हे मंडळ बर्गंडीच्या फिलिपने १४३० मध्ये स्थापलेलं, आणि आता त्याचा प्रमुख हा पोरसवदा चार्ल्स. सभेसाठी चर्चमध्ये प्रत्येक सरदाराच्या आसनामागे त्याची चिन्हं रंगवायची पद्धत होती. नव्या राजाला साजेसं नवं चिन्ह हवं होतं.

ते सुचवलं लुइजी मार्लियानो या मिलानच्या माणसाने. हा चार्ल्सचा वैद्य, लॅटिनचा मोठा व्यासंगी, पुढे स्पेनमधल्या तुय गावचा बिशप झाला. त्याने घेतले हर्क्युलिसचे दोन खांब. भूमध्य समुद्र जिथे अटलांटिकला मिळतो, त्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवरचे डोंगर म्हणजे हे खांब. हर्क्युलिसने ते रोवले आणि जगाची सीमा आखली, अशी जुनी कथा. त्या खांबांपाशी मार्लियानोने दोन शब्द ठेवले: ‘प्लुस उत्र’. अर्थ ‘आणखी पुढे’. आणि हे शब्द फ्रेंच होते.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. लॅटिन बोधवाक्य आधी असणार आणि फ्रेंच हे त्याचं भाषांतर किंवा अपभ्रंश, असं आपण धरून चालतो. झालं बरोबर उलट. बर्गंडीच्या ड्यूकांची बोधवाक्यं फ्रेंचमध्येच असत. चार्ल्सच्या खापरपणजोबांचं, म्हणजे त्या मंडळ स्थापणाऱ्या फिलिपचंही फ्रेंचच. मुलगा त्याच परंपरेतला, तेव्हा भाषाही तीच. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १५१७ मध्ये, चार्ल्स व्लिसिंगेन बंदरातून पहिल्यांदा स्पेनला निघाला. त्याच्या बरोबर असलेल्या लोराँ व्हितालने प्रवासाचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. राजाच्या जहाजाच्या शिडावर क्रूसावरचा ख्रिस्त रंगवलेला होता आणि भोवती हर्क्युलिसचे खांब व हे फ्रेंच शब्द होते. कापडावर रंगवून वाऱ्यावर फडकलेलं हे बोधवाक्य ते इतकं जुनं. तुमच्या रंगाऱ्याला हे जरूर सांगा.

आता त्या फ्रेंच शब्दाचं स्पेलिंग. आजच्या फ्रेंचमध्ये हा शब्द ओ-यू-टी-आर-ई असा लिहितात आणि ‘उत्र’ म्हणतात. ग्रॅनडाच्या दगडात मध्ये एक एल आहे. तो कुठून आला?

मूळ लॅटिन शब्द ‘उल्त्रा’. त्यात ल होता. शतकानुशतकं बोलता बोलता फ्रेंच तोंडात तो ल विरघळून उकार झाला आणि उरला ‘उत्र’. मग मध्ययुगाच्या अखेरीस लेखनिकांची एक पिढी आली, जिला लॅटिनचं फार वेड. शब्दाचं कूळ डोळ्यांना दिसलं पाहिजे म्हणून त्यांनी गेलेला ल लिहिण्यापुरता परत आणून बसवला. उच्चारात त्याचा पत्ता नव्हता. नंतरच्या काळात फ्रेंच लेखन आटोपशीर झालं तेव्हा तो पुन्हा गेला.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही. ज्यांनी आजोबांची पत्रं पाहिली आहेत त्यांना ‘नांव’, ‘कांहीं’, ‘करूं’ आठवत असेल. त्या टिंबांचा उच्चार कोणी करत नव्हतं. ‘नाम’ मधला म कधीकाळी होता, त्याची ती खूण. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली नियम ठरवले तेव्हा अशा अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. म्हणून ‘नांव’ लिहिणाऱ्या आजोबांना अशुद्ध लिहिणारे कोण म्हणेल? त्यांच्या काळी तेच शुद्ध होतं. अल्हाम्ब्रातला एल हा तसाच आहे, फ्रेंच भाषेचा ‘नांव’वरचा अनुस्वार.

चार्ल्स स्पेनला पोचला आणि कुरबुर सुरू झाली. राजाला कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिश, येत नाही, त्याच्या भोवती फ्लँडर्सचे, म्हणजे त्याच्या मायदेशाकडचे, सल्लागार, मोठमोठी पदं त्यांनाच. तोलेदोचं आर्चबिशपपद, स्पेनमधलं सर्वांत वरचं धर्मपद, राजाच्या मुख्य सल्लागाराच्या विशीतल्या पुतण्याला मिळालं, तेव्हा तर लोक खवळले. १५२० मध्ये कॅस्टिलच्या शहरांनी उठाव केला. अशा वातावरणात राजाचं बोधवाक्य फ्रेंचमध्ये असणं म्हणजे जखमेवर मीठ. लॅटिन ही कोणाचीच भाषा नव्हती, म्हणून ती सर्वांची होऊ शकत होती. तेव्हा ‘उत्र’चं ‘उल्त्रा’ झालं. मूळ जर्मन मुलखात त्याचं ‘नोख वायटर’ असंही रूप वापरलं गेलं, अर्थ तोच. १५१९ मध्ये चार्ल्स सम्राट म्हणून निवडला गेल्यावर तर लॅटिनची गरज आणखी वाढली.

पण भाषांतर घाईचं होतं, असं माझं मत आहे आणि लॅटिन जाणणाऱ्यांचंही तेच मत पडतं. फ्रेंचमध्ये ‘प्लुस उत्र’ ही सरळ बोलण्यातली रचना. तेच दोन शब्द जसेच्या तसे लॅटिनमध्ये उचलून ठेवले की ‘अधिक पलीकडे’ असं काहीतरी अवघडलेलं होतं. ‘आणखी पुढे’साठी अभिजात लॅटिनमध्ये ‘उल्तेरियुस’ हा एकच नेटका शब्द आहे. मार्लियानोसारख्या पंडिताला हे ठाऊक नसेल असं कसं म्हणावं? मला वाटतं, तोवर दोन खांबांना दोन शब्द असं चित्र पक्कं झालं होतं. डाव्या खांबाला एक, उजव्याला एक. एका शब्दाने ती जोडी मोडली असती. व्याकरण हरलं, चित्र जिंकलं. बोधवाक्यांच्या बाबतीत असं फार वेळा होतं.

फ्रेंच रूप लगेच गेलं नाही. चार्ल्सच्या हयातीत दोन्ही रूपं शेजारीशेजारी नांदली. ग्रॅनडामध्ये त्याने अल्हाम्ब्राच्या आवारात राजवाडा बांधायला घेतला. त्या परिसरात एकाच राजाच्या नावाने फ्रेंच आणि लॅटिन दोन्ही दिसतात. भावाकडे फोटो आणखी असतील तर नीट बघा, हाच खेळ सापडेल.

आता ‘नॉन’. सांगितलं जातं ते असं: प्राचीन काळी हर्क्युलिसने खांबांवर ‘नॉन प्लुस उल्त्रा’, म्हणजे ‘याच्या पुढे काही नाही’, असं कोरलं होतं. कोलंबसाने अमेरिका शोधली, मग स्पेनच्या राजाने त्यातला ‘नॉन’ खोडला. गोष्ट इतकी देखणी आहे की शाळेच्या फलकावर ती लिहावीशी वाटणारच. कृपा करून लिहू नका.

खांब ही सीमा आहे, तिच्या पलीकडे माणसाने जाऊ नये, ही कल्पना खरोखर जुनी आहे. ग्रीक कवी पिंडारच्या काव्यात ती आहे. दान्तेच्या ‘इन्फेर्नो’च्या सव्विसाव्या सर्गात युलिसिस सांगतो, की माणसाने ‘पिऊ ओल्त्रे’, आणखी पुढे, जाऊ नये म्हणून हर्क्युलिसने तिथे खुणा ठेवल्या. मिलानच्या मार्लियानोच्या कानात ही इटालियन ओळ घुमत असावी, असं मानायला मला आवडतं. पण खांबांवर कोरलेले ते तीन लॅटिन शब्द प्राचीन लेखनात कुठेच नाहीत. अर्ल रोझेन्थाल या अमेरिकन कला-इतिहासकाराने १९७१ आणि १९७३ साली या चिन्हावर दोन निबंध लिहिले. ब्रसेल्स, १५१६ आणि फ्रेंच मूळ हा सगळा माग त्यांनीच नीट लावला. त्यांनी दाखवलं, की ‘नॉन’वालं रूप हे चार्ल्सचं चिन्ह प्रसिद्ध झाल्यानंतरचं आहे. ‘आणखी पुढे’ हे वाक्य आधी जन्मलं. मग लोकांनी तर्क केला, की राजा ‘आणखी पुढे’ म्हणतोय त्याअर्थी आधी कुणीतरी ‘पुढे नाही’ म्हटलं असणार. उत्तर आधी आलं आणि प्रश्न त्याला शोभेलसा नंतर तयार केला गेला.

अमेरिकेचा संबंधसुद्धा तारखा लावून पाहा. १५१६ मध्ये स्पेनकडे कॅरिबियन बेटं होती आणि पनामाच्या बाजूला थोडा किनारा. स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोत उतरला १५१९ मध्ये, दुसरा सेनानी पिसारो पेरूवर चालून गेला १५३२ मध्ये. ब्रसेल्समध्ये बसून चिन्ह ठरवणाऱ्यांच्या मनात सरदारी पराक्रम, आफ्रिकेतल्या मोहिमा, पूर्वजांहून पुढे जाण्याची आकांक्षा हे जास्त असणार. मेक्सिकोची आणि पेरूची चांदी यायला लागली आणि या दोन शब्दांना जणू आपोआप नवा अर्थ मिळाला. तो इतका चपखल बसला की जुना कुणाला आठवेना.

शत्रूंनाही हे बोधवाक्य पाठ होतं. १५५२ च्या शरद ऋतूत चार्ल्सने फ्रेंचांच्या ताब्यातल्या मेट्झ शहराला वेढा घातला. द्यूक द गीझ या फ्रेंच सरदाराने शहर लढवलं आणि जानेवारी १५५३ मध्ये सम्राटाला हात हलवत परत जावं लागलं. तेव्हा खांबाला साखळीने बांधलेल्या गरुडाचं, म्हणजे सम्राटाच्या चिन्हाचं, चित्र निघालं. खाली शब्द होते ‘नॉन उल्त्रा मेतास’. ‘मेता’ म्हणजे सीमा, आणि मेट्झ शहराच्या लॅटिन नावाशी तो शब्द जुळतो. ‘सीमेपलीकडे नाही’ आणि ‘मेट्झपलीकडे नाही’ असे दोन्ही अर्थ एका फटक्यात. श्लेष कसा साधावा याचा हा नमुना आहे.

आता यू आणि व्ही, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. इथे मी नाण्यांवरच बोलणार, कारण याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

रोमन लोक दगडावर अक्षर कोरत तेव्हा यू नावाचं वेगळं अक्षरच नव्हतं. व्हीसारखी टोकदार आकृती एकच. ती कधी ‘उ’ म्हणून वाचायची, कधी ‘व’ म्हणून. हाताने भराभर लिहिताना तिचं खालचं टोक गोल झालं आणि यूसारखा आकार आला. पण अक्षर तेच राहिलं, फक्त वळणं दोन झाली. मध्ययुगीन लेखनिकांनी पुढे सोय म्हणून एक रीत पाडली: शब्दाच्या सुरुवातीला टोकदार, मध्ये गोल. उच्चाराशी तिचा काही संबंध नव्हता. ‘उ’साठी एक आणि ‘व’साठी दुसरं ही वाटणी साधारण सोळाव्या-सतराव्या शतकांत रुळली.

मोडी वाचणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. एकच खूण, वाचणाऱ्याने संदर्भाने समजून घ्यायचं. पेशवे दफ्तरातला कागद वाचताना कारकुनाने शुद्धलेखन चुकवलं असं आपण म्हणत नाही, लिपीचा स्वभाव म्हणतो. दगडावरचा व्ही हा त्या लिपीचा स्वभाव आहे.

मेक्सिको शहरात १५३५ च्या राजाज्ञेने टांकसाळ उभी राहिली, अमेरिका खंडांतली पहिली. १५३६ पासून तिथल्या चांदीच्या नाण्यांवर चार्ल्स आणि त्याची आई ख्वाना यांची नावं आणि मागच्या बाजूला हे खांब यायला लागले. जागा लहान, ठसा हाताने कोरलेला. अक्षरं मावली तेवढी घ्यायची, बाकीची सोडायची. पहिल्या नाण्यांवर नुसतं पी-एल-व्ही-एस दिसतं. दुसऱ्या शब्दाचं शेपूट कापलेलं पुढेही बरेचदा आढळतं. नाण्यांच्या अभ्यासात याला चूक म्हणत नाहीत. उलट कुठे किती अक्षरं आहेत यावरून ठसा ओळखतात.

माझी स्वतःची एक आठवण सांगतो. विशीत असताना मुंबईत एका प्रदर्शनात मी दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसी या चांदीच्या खाणींच्या गावातल्या टांकसाळीचं एक ओबडधोबड नाणं पाहिलं. चांदीच्या कांबीचा तुकडा तोडून त्यावर ठसा मारलेला, कड वेडीवाकडी. दोन खांब, खाली लाटा, आणि मधल्या ओळीत खांबांनी तोडलेली तीन-तीन अक्षरं: पी-एल-व्ही, एस-व्ही-एल, टी-आर-ए. मी ती वहीत तीन वेगळी संक्षिप्त रूपं म्हणून उतरवून घेतली. टांकसाळीचं नाव, अधिकाऱ्याचं नाव, असं काहीतरी असेल म्हणून दोन वर्षं कोशात शोधत राहिलो. मग एका ज्येष्ठ संग्राहकांना वही दाखवली. त्यांनी पेन्सिलीने त्या अक्षरांच्या मधल्या रेघा खोडल्या आणि वही परत माझ्यापुढे सरकवली. पी-एल-व्ही-एस-व्ही-एल-टी-आर-ए. नऊ अक्षरं, तीन-तीनच्या गटांत. दोन शब्दांत जागा सोडायची तर ओळ बसत नव्हती, म्हणून कोरणाऱ्याने शब्द मोडून तीन सारखे भाग केले. खांबांतून डोकावणारं ते वाक्य त्या क्षणी मला जसं वाचता आलं, तसा आनंद फार थोड्या वेळा मिळाला आहे. पोतोसीत नाण्यांत भेसळीचं मोठं प्रकरण उघडकीला आलं, लोकांचा विश्वास परत मिळवायला नवा ठसा हवा होता, म्हणून १६५२ पासून हा खांब-लाटांचा नमुना आला, हे त्यांनीच मला सांगितलं.

पुढे १७३२ पासून मेक्सिकोत यंत्राने पाडलेलं गोल, देखणं नाणं निघालं. आठ रेआलचं (रेआल हे तेव्हाचं स्पॅनिश चलन), सुमारे २७ ग्रॅम वजनाचं. दोन खांब, मध्ये लाटांवर पृथ्वीचे दोन गोल, वर मुकुट आणि कडेने ‘उत्राक्वे उनुम’ हे शब्द, म्हणजे ‘दोन्ही मिळून एक’. यातली अक्षरं बाईंना दाखवण्यासारखी आहेत. पहिला शब्द व्हीने सुरू होतो, पण त्याच शब्दात क्यूनंतर यू आहे. दुसराही व्हीने सुरू होतो आणि मध्ये यू आहे. उच्चार चारही ठिकाणी ‘उ’च्याच घरातला. सुरुवातीला टोकदार, मध्ये गोल, ही लेखनिकांची जुनी रीत अठराव्या शतकातल्या चांदीवर जशीच्या तशी जिवंत आहे.

ही चांदी आपल्याकडेही आली. इंग्रज आणि डच कंपन्या सुरतेला माल घ्यायला येत तेव्हा देण्याजोगी त्यांच्याकडे मुख्य वस्तू म्हणजे हे स्पॅनिश रेआल. सुरतेच्या मुघल टांकसाळीत ते वितळवून रुपये पाडले जात. म्हणजे पोतोसीच्या डोंगरातल्या चांदीवरची ही नऊ अक्षरं सुरतेच्या मुशीत विरघळून शाही रुपयात गेली. गोव्याचा धागा वेगळा आहे. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते, त्यातला पहिला चार्ल्सचा मुलगा फिलिप. त्यामुळे ती साठ वर्षं गोवाही त्याच घराण्याच्या छत्राखाली होता, पण पोर्तुगीज राज्याचा कारभार वेगळाच ठेवला गेला होता.

डॉलरची खूण या खांबांवरून आणि फितीवरून आली, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ‘पेसो’ या शब्दाचं पी-एस असं संक्षिप्त रूप हिशेबाच्या वह्यांत एकावर एक लिहिता लिहिता ती खूण तयार झाली, हे मत जास्त भक्कम आहे. तेव्हा तो मुद्दा फलकावर नको.

आता नाण्यावरून ध्वजावर. स्पेनचा लाल-पिवळा-लाल ध्वज कार्लोस तिसऱ्याने २८ मे १७८५ रोजी आरमारासाठी ठरवला, समुद्रात दुरून ओळखू यावा म्हणून. त्यावरच्या छोट्या ढालीत फक्त किल्ला आणि सिंह होते. खांब नाहीत, शब्द नाहीत. १८६८ मध्ये राणी इसाबेलला पायउतार व्हावं लागलं. नव्या हंगामी सरकारला राजघराण्याची चिन्हं नको होती, पण देशाचं काहीतरी चिन्ह हवं होतं. इतिहास अकादमीच्या सल्ल्याने जी ढाल आखली तिच्या दोन्ही बाजूंना हर्क्युलिसचे खांब आले आणि ती पेसेता या स्पेनच्या तेव्हाच्या चलनाच्या नव्या नाण्यांवर उमटली.

आणि मग मला सर्वांत प्रिय असलेला दस्तऐवज. एप्रिल १९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं. २७ एप्रिलच्या हुकुमाने लाल-पिवळा-जांभळा ध्वज ठरला. मधल्या पट्ट्यावर चिन्ह कोणतं? हुकूम सांगतो: हंगामी सरकारने १८६९ आणि १८७० मध्ये पाडलेल्या पाच पेसेतांच्या नाण्याच्या मागच्या बाजूवर आहे ते. चित्र जोडण्याऐवजी सरकारने लोकांना खिशातलं नाणं बघायला सांगितलं! नाणी गोळा करणाऱ्या माणसाला याहून मोठं समाधान कोणतं? अशा रीतीने ‘प्लुस उल्त्रा’ राष्ट्रध्वजावर चढलं. पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, १९३८ पासून, गरुडवाल्या चिन्हातही खांब राहिले. राजेशाही पाडणारे, प्रजासत्ताक आणणारे, ते चिरडणारे आणि त्यानंतरची लोकशाही, सर्वांनी बाकी बरंच काही बदललं, खांब मात्र प्रत्येकाने ठेवले.

आजचं चिन्ह ५ ऑक्टोबर १९८१ च्या कायद्याने ठरलं आहे. आणि तुमच्या वादाचं उत्तर त्यातच आहे. कायद्याच्या मजकुरात हे शब्द आजच्या पद्धतीने, यू घालून लिहिले आहेत. अधिकृत चित्रात मात्र फितीवर व्ही आहे. मजकूर हा मजकुरासारखा, शिलालेखाचं रूप शिलालेखासारखं. दोन्ही एकाच वेळी अधिकृत. म्हणून लेखी माहितीच्या तक्त्यात बाईंचा यू चालेल आणि ध्वजावर रंगाऱ्याचा व्हीच राहू द्या.

स्पेनच्याच मालकीचं, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मेलिया नावाचं शहर आहे. त्याच्या नगरचिन्हात खांबांबरोबर ‘नॉन प्लुस उल्त्रा’ असं खरोखरच आहे. तुम्हाला इंटरनेटवर ‘नॉन’वालं चित्र दिसलं असेल तर ते बहुधा तिथलं. ते त्या शहराचं म्हणून बरोबर, स्पेनच्या ध्वजाचं म्हणून नाही.

देवनागरीत काय लिहावं, हेही तुम्ही विचारलंय. मराठी वर्तमानपत्रं इंग्रजीच्या वळणाने ‘प्लस अल्ट्रा’ लिहितात. स्पॅनिश माणूस हे शब्द ‘प्लुस उल्त्रा’ असे म्हणतो आणि लॅटिन उच्चारही त्याच्याच जवळ जातो. देवनागरीला ‘त’ आणि ‘ट’ दोन्ही लिहिता येत असताना इंग्रजीची ‘ट’ कशाला उसनी घ्यायची? मी ‘प्लुस उल्त्रा’ लिहितो. अल्हाम्ब्रातलं फ्रेंच रूप लिहायचं तर ‘प्लुस उत्र’, न उच्चारला जाणारा ल सोडून. तो फक्त दगडात पाहायचा.

रंगाऱ्यासाठी चार गोष्टी, कारण अक्षरांच्या भानगडीत या निसटतात. ध्वज २:३ मापाचा आणि पिवळा पट्टा प्रत्येक लाल पट्ट्याच्या दुप्पट. चिन्ह ध्वजाच्या मधोमध नसतं, काठीकडे सरकलेलं असतं: काठीपासून चिन्हाच्या मध्यापर्यंतचं अंतर ध्वजाच्या उंचीच्या निम्मं, आणि चिन्हाची उंची ध्वजाच्या उंचीच्या दोन पंचमांश. तुमचा ध्वज ४ फूट उंच असेल तर काठीपासून २ फुटांवर मध्य, आणि चिन्ह साधारण १९ इंचांचं. खांब रुपेरी, त्यांचे वरचे आणि खालचे भाग सोनेरी, पायाशी निळ्या-रुपेरी लाटा. फिती लाल, अक्षरं सोनेरी. आपल्या डाव्या हाताच्या खांबावर पहिला शब्द आणि वर सम्राटाचा मुकुट, उजव्यावर दुसरा शब्द आणि वर राजाचा मुकुट. हे दोन मुकुट वेगवेगळे आहेत. घाईत रंगारी दोन्ही सारखे काढतात. डावा मुकुट चार्ल्स सम्राट होता त्याची आठवण आहे, तेवढा त्याच्याकडून नीट काढून घ्या.